भरताच्या दिवसांतला लिलाव

थंडी जरा चावायला लागली की जळगावच्या भाजीबाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग लागतात. फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेघा, एकेक वांगं लहान दुधीएवढं. घेणारा ते नुसतं बघत नाही, तळहातावर घेऊन तोलतो. आकारानं मोठं आणि हाताला हलकं लागलं, तर आत बिया कमी. दुकान उघडायला जाताना मी या ढिगांजवळून जातो. यंदाही गेलो. वांगीवाली ओळखीची आहे, तिचा चष्मा माझ्याकडचाच. "चष्मावाले भाऊ, औंदा वांगे नाही नेत का?" तिनं विचारलं. "नेईन, नेईन," म्हणालो आणि पुढे झालो. गेल्या वर्षीही तिला हेच सांगितलं होतं, आणि नेली नव्हती.

वांग्यांवर माझा राग नाही. पण कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजल्याचा जो वास असतो, करपलेल्या सालीचा, त्यात थोडा धूर आणि थोडा ओल्या लसणाच्या पातीचा, तो नाकात गेला की मला एक तपकिरी तांब्याचा तुकडा दिसतो. मग त्याच्यामागून एक आवाज येतो, शांत, मास्तरी, काळजी करणारा. तो आवाज आला की माझा दिवस गेला म्हणून समजा.

बोदवडजवळ शांतिलालभाऊंचं शेत आहे. शांतिलालभाऊ म्हणजे जळगावातले कापडवाले. पणजोबा मारवाडातून आले, हे इथलेच झाले. दर हिवाळ्यात त्यांच्या शेतात आमची भरीत पार्टी व्हायची. आमची म्हणजे जुनी नाणी जमवणाऱ्यांची. खानदेशात भरीत पार्टी कोण करत नाही? बँकेवाले करतात, वकील करतात, निवडणूक आली की पुढारी तर रोज करतात. पण आमच्या पार्टीत वांगी भाजत असताना खाटेवर पाच-सहा पोक्त माणसं एका फोनवर डोकी घालून बसलेली असत आणि "मागची बाजू दाखवा, मागची बाजू" असं ओरडत असत. शेतावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली जायची, वर तेलात परतलेले शेंगदाणे पडायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी यायच्या, आणि तरी आमच्यातला एखादा हात धुवायचा सोडून भिंगातून कुठल्यातरी रुपयाची कड बघत असायचा.

नाण्यांत मला काय दिसतं ते माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. सुमन म्हणते, "दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून बसता, आणि घरी आल्यावर जे कुणालाच वाचता येत नाही ते वाचत बसता." खरं आहे. कपाटातल्या माझ्या संग्रहाला ती 'मोडीचं दुकान' म्हणते. पण हा नाद कुठून आला ते तिला मी एकदा सांगितलं, आणि मग तिनं चेष्टा थोडी कमी केली.

आमचं गाव तापीकाठी, थाळनेरच्या अलीकडे. एकेकाळी थाळनेर म्हणजे खानदेशची राजधानी. इथे फारुकी सुलतानांचं राज्य होतं, पुढे ते बुऱ्हाणपूरला गेले. शाळेत हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. शिकवलं तापीनं. पूर ओसरला की काठाच्या गाळात कधी मणी सापडायचे, कधी खापरं, आणि एकदा मला एक जाड, वेडंवाकडं तांब्याचं नाणं सापडलं. त्यावरची अक्षरं नाण्याच्या कडेला येऊन तुटलेली होती, जणू लिहिणाऱ्याला जागाच पुरली नाही. मी धावत घरी आलो. आईनं ते चिंच आणि राख लावून असं घासलं, असं घासलं, की संध्याकाळपर्यंत ते नव्या घंगाळासारखं लखलखत होतं आणि अक्षरं निम्मी गेली होती. तिला वाटलं, पोराला खूश केलं. मीही खूश होतो. पुढे मोडीवर नवी भांडी देणारा मोडवाला आला तेव्हा फुटक्या तपेलीबरोबर तेही गेलं. एका डब्याच्या बदल्यात आमच्या मुलखाचा एक सुलतान गेला. मोठेपणी ते काय होतं हे कळलं, तेव्हापासून मला तसंच एक हवं होतं. सोन्याचं नको, चांदीचं नको. आपल्या मातीतलं एक तांब्याचं हवं होतं.

ते काय होतं हे मला सांगितलं आबांनी.

आबा धुळ्याचे, देवपुरात राहतात. कॉलेजात भूगोल शिकवायचे, निवृत्त झाले. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा एक घासूनपुसून लख्ख केलेला रुपया मोठ्या अभिमानानं दाखवला होता. त्यांनी तो हातात घेतला, परत दिला आणि विचारलं, "दिवाळीला पुजलात का?" त्यांच्याकडूनच कळलं की खानदेशातल्या निम्म्या जुन्या रुपयांचा जीव लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीच जातो. बायका चिंच लावतात, सोनार रिठा लावतात, आणि जन्मभर साठलेला काळ एका दुपारी नाल्यात जातो. आबांनी मला फारसी लिपीतली अक्षरं ओळखायला शिकवली. "उजेड समोरून घेऊ नका," ते म्हणायचे. "बाजूनं घ्या, तिरपा. सावली पडली की अक्षर आपोआप उठतं." चष्म्याच्या धंद्यात जन्म गेला माझा, पण कसं बघायचं ते मला त्या माणसानं शिकवलं. वडिलांच्या मागे असा हात कुणी माझ्या पाठीवर ठेवला नव्हता. हे मी आज रागातही नाकारत नाही.

पूर्वी नाणी मिळायची ती सोनारांकडे, जत्रेत, मोडवाल्यांच्या पोत्यांत. मग ऑनलाइन लिलाव आले. कुठल्यातरी मोठ्या शहरातली लिलाव कंपनी महिनाभर आधी कॅटलॉग पाठवते. फोनवर नाण्याचा फोटो ताटाएवढा मोठा करून बघता येतो. लिलावाच्या दिवशी घरबसल्या बोटानं बोली लावायची, दर बोलीला आकडा एक पायरी चढतो. तुमची बोली वर असेल तर पडदा हिरवा, कुणी पुढे गेला की लाल. समोर कोण आहे ते कधीच कळत नाही. सुरतेचा हिरेवाला असेल, हैदराबादचा डॉक्टर असेल, नाहीतर शेजारच्या गल्लीतला कुणी. तो लाल रंग मोठा वाईट. तो दिसला की शहाण्यासुरत्या माणसाचं डोकं फिरतं. आमच्यातल्या एकानं अशाच तापात एक रुपया घेतला आणि मग वर्षभर बायकोशी नजर चुकवत राहिला.

म्हणून आबांनी दोन नियम घालून दिले. पहिला बोटाचा. कॅटलॉग आला की भरीत पार्टीला सगळ्यांनी एकत्र बघायचा. ज्यानं ज्या नाण्यावर आधी बोट ठेवलं ते त्याचं, बाकीच्यांनी त्यावर बोली लावायची नाही. आपण गावातलेच एकमेकांविरुद्ध लढलो तर भाव चढणार, फायदा तिसऱ्याचा. दुसरा नियम लगामाचा. लिलावाच्या आधी प्रत्येकानं आपली शेवटची हद्द एका मित्राला सांगायची. लिलाव चालू असताना त्या मित्रानं फोनवर सोबत राहायचं, आणि हद्द आली की म्हणायचं, "बस." बस म्हटल्यावर थांबायचं. हुज्जत नाही. आम्ही त्या मित्राला लगाम म्हणायचो. शांतिलालभाऊंचा लगाम मी होतो. माझा लगाम आबा.

या रीतीचं मला फार कौतुक होतं. बाहेरगावच्या संग्राहकांना सांगताना माझी छाती फुगायची. आमच्या खानदेशात, म्हणायचो, माणूस आपली हद्द दुसऱ्याच्या हातात देतो.

त्या हिवाळ्याच्या कॅटलॉगमध्ये, शेवटाकडच्या पानावर, एक तांब्याचं नाणं होतं. वर्णन एका ओळीचं. माळव्याच्या सुलतानांचं, अक्षरं अस्पष्ट. फोटो पाहिला आणि तापीच्या गाळातलं माझं नाणं आठवलं. जाड, वेडंवाकडं, अक्षरं कडेला तुटलेली. एका कडेला चिरल्यासारखी खाप, मधोमध नांगराच्या फाळासारखी एक वळलेली रेघ. मी तो फोटो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर घेतला, उलटा केला, तिरपा केला. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. तीन दिवस बघितल्यावर त्या तुटक्या अक्षरांतून बुऱ्हाणपूर उठलं. ते माळव्याचं नव्हतंच. ते आमचं होतं.

बोदवडच्या शेतात मी आबांना बाजूला घेतलं. कपाशीच्या काड्यांचा जाळ नुकताच बसला होता, निखाऱ्यात वांगी होती. आबांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "शंकाच नाही. फारुकी. लिलाववाल्यांना कळलेलंच नाही." फोन परत न देता त्यांनी फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघितला. मला वाटलं, माझ्यासाठी आनंद झाला. "बोलू नका कुणाशी," ते म्हणाले. मग सगळ्यांसमोर मी त्या फोटोवर बोट ठेवलं. बाकीच्यांनी नाक मुरडलं, "काय हो हे, नाणं आहे का शेंगदाण्याची चिक्की?" शांतिलालभाऊ हसत म्हणाले, "घ्या, घ्या, तुमचंच ते. आमच्याकडून मान्य." परतताना गाडीत आबांनी मला हद्द विचारली. मी सांगितली. थोडी वाढवून सांगितली. त्यांनी मान हलवली. "पुरेल," म्हणाले.

ते भरीत मला आजही आठवतं. इतकं चांगलं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही.

लिलाव दुपारी होता. दुकानात एक बाई फ्रेम निवडत होत्या आणि त्यांना एकही पसंत पडत नव्हती. "ही जरा म्हातारी दिसते का हो?" त्या विचारत होत्या. मी "नाही नाही" म्हणत होतो आणि एक डोळा पडद्यावर होता. कानाला आबा. "सावकाश," ते म्हणत होते. "घाई करू नका. आधी इतरांना दमू द्या." नाणं आलं. मी बोली लावली. हिरवं. क्षणभरानं लाल. पुन्हा लावली. हिरवं, लाल. "कुणीतरी आहे आबा," मी म्हणालो. "असणारच," आबा म्हणाले. "शांत राहा." त्या बाई आरशासमोर उभ्या होत्या, आरशात त्या, त्यांच्यामागे मी, घामेजलेला. हद्द आली. मी शेवटची बोली लावली, हिरवं झालं, आणि मी श्वास सोडतोय तोवर लाल.

"आबा, अजून एक. एकच पायरी."

"नाही."

"समोरचाही दमलाय. मला कळतंय ते."

"भाऊ, ठरलंय ना आपलं? बस."

"आबा..."

"बस म्हटलं ना!"

मी हात खाली घेतला. पडद्यावरचा आकडा थोडा वेळ थांबला, मग नाणं विकलं गेलं. माझ्या हद्दीच्या फक्त एक पायरी वर. त्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो? बरं वाटत नाही का?" त्यांनी शेवटी फ्रेम घेतली नाही.

संध्याकाळी आबांचा फोन आला. ते माझ्यापेक्षा हळवे झाले होते. म्हणाले, नाण्याला आपला माणूस स्वतः शोधायचा असतो, आज नाही तर उद्या येईल. म्हणाले, तुम्ही थांबलात याचा मला अभिमान वाटतो. तो शब्द, अभिमान, मी सुमनला दोनदा सांगितला. त्या आठवड्यात ते रोज फोन करत होते, जेवलात का, झोप लागते का. घरात कुणी गेल्यावर माणसं करतात तसे. आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांच्या आवाजानं बरं वाटायचं. ज्याचं काही हरवतं त्याला कुणीतरी सोबत हवं असतं, आणि माझ्या सोबतीला आबा होते.

मग थंडी उतरली. वांगी महाग झाली, निबर झाली, बाजारातून दिसेनाशी झाली. शिमग्याला थोडे दिवस होते. आबांच्या पत्नीचं, ज्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा चष्मा मीच करून द्यायचा ठरला होता. तो पोचवायला मी एसटीनं धुळ्याला गेलो. पांझरेच्या पुलावरून रिक्षा देवपुरात शिरली तेव्हा मी आनंदात होतो, हे मला नीट आठवतं.

आबा घरी नव्हते, बाजारात गेले होते. अक्कांनी पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे पुढे केले. मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, कानामागची काडी जरा वाकवली आणि जवळचं दिसतं का ते बघायला बारीक अक्षरांचा कागद पुढे धरला. त्यांनी तो बाजूला सारला.

"कागद ठेवा तो भाऊ. माले अक्षरं काय दखाडतस? उभा जलम यासना पैसा पुसामा गया मन्हा. माले तेच दिसाले पाहिजे."

आबांच्या नाण्यांना त्या पैसाच म्हणतात, आणि ती पुसण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्या उठल्या, आतल्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि तळहातावर काहीतरी घेऊन बाहेर आल्या. खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. उजेड बाजूनं पडला, तिरपा. त्यांनाही आबांनीच शिकवलं असणार.

"हाई नवं शे. हिवायामा उनं. माले म्हने, चिंच लावशी ते याद राख." हिवाळ्यात आलेलं ते नवं नाणं डोळ्यांजवळ धरून त्या हसल्या. मग एकदम थांबल्या. "आते दिसस भाऊ! बठ्ठं दिसस! कडाले हाई खाप शे देखा. आनि मझार हाई वाकडी रेघ, नांगरना फाळसारखी."

मी जागेवरून उठलो नाही. उठायची गरज नव्हती. हातानं पाडलेली नाणी दोन सारखी नसतात, आणि त्या नाण्याचा चेहरा मी तीन दिवस ताटाएवढा मोठा करून पाहिला होता. आधी मला काहीच वाटलं नाही. मग मी मूर्खासारखा विचार करायला लागलो की आबांनी ते माझ्यासाठी घेतलं असेल, माझ्या वाढदिवसाला देणार असतील, त्या दुसऱ्या माणसाकडून मागून आणलं असेल. माणूस केसानं गळा कापतो तेव्हा ज्याचा गळा तो बराच वेळ म्हणत राहतो, नाही, केसच आहे, केसानं काय होतंय.

फाटक वाजलं. आबा पिशवी घेऊन आत आले. अक्कांनी नाणं धरलेला हात त्यांच्यापुढे नाचवला. "देखा, माले बठ्ठं दिसस आते! तुमन्या तोंडवरन्या सुरकुत्या बी दिसतस!" आबांनी नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवीतलं एक लिंबू खाली पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. ते कुणीच उचललं नाही. मी म्हणालो, "चष्मा छान बसलाय अक्का. सुरुवातीला जरा जड वाटेल." चहा आला. मी तो प्यालो. त्या बाईला त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसत होतं आणि ती इतकी आनंदात होती, की तिच्यासमोर एक शब्द काढायची माझी छाती झाली नाही.

आबा रिक्षापर्यंत सोडायला आले. फाटकाबाहेर थांबले. आधी त्यांनी सगळं त्यांच्या कॉलेजातल्या मराठीत सांगितलं. म्हणाले, मी सांगणारच होतो. म्हणाले, तुमची हद्द संपली होती, माझी नव्हती संपली. म्हणाले, नाणं परप्रांतात गेलं असतं, ते निदान खानदेशात राहिलं, तुमच्याकडे काय आणि माझ्याकडे काय. "घेऊन जा हवं तर," म्हणाले. "ठेवा तुमच्याकडे काही दिवस."

"नाण्याचं सोडा आबा," मी म्हणालो. "तुम्हाला हवं होतं तर बोट काढा म्हणायचं होतं, मी काढलं असतं. नियम मोडून गुपचूप घ्यायचं होतं तर तेही घ्यायचं होतं. पण तुम्ही माझा फोन का उचललात?"

उभ्या आयुष्यात माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "माले ऱ्हावायनं नही, भाऊ." ते मात्र खरं बोलले असावेत.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तो फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. एका हातात फोन धरून ते मला "शांत राहा" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मला लाल करत होते. मी किती पायऱ्या चढणार ते त्यांना ठाऊक होतं, कारण मीच सांगितलं होतं. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, पण इथे कुंपण शेताला विचारत होतं, बाबा रे, झोप लागते का? नाण्याचं दुःख तापीकाठच्या एका पोराचं होतं, ते गेलं असतं. पण ते रोजचे फोन, तो अभिमान, त्या सांत्वनाला मी जो टेकलो होतो, त्याची मला शिसारी आली. एरंडोलच्या स्टँडवर कुणीतरी खिडकीतून चिक्की पुढे केली आणि मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

जुन्या चांदीच्या रुपयांवर बारीक बारीक ठोके असतात. चंद्रकोर, फूल, ठिपका. ते सराफांचे. रुपया हातात आला की सराफ त्याला टोचून बघायचा, आत चांदीच आहे ना, की वर मुलामा आणि आत तांबं. एकेका रुपयावर दहा-दहा सराफांनी टोचलेलं असतं. संग्राहक नाक मुरडतात, नाण्याचा चेहरा बिघडला म्हणतात. मीही म्हणायचो. आता मला ते सराफ शहाणे वाटतात. राजाची मुद्रा होती तरी त्यांनी टोचून बघितलं आणि त्यात कुणाला अपमान वाटला नाही. आम्ही आबांना कधी टोचून बघितलं नाही. तसा विचार मनात येणंसुद्धा पाप वाटलं असतं.

मी ही गोष्ट गटात कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर निम्म्यांनी त्यांची बाजू घेतली असती, निम्म्यांनी माझी, आणि अक्कांना कळलं असतं. पार्टीला जाणं मात्र बंद केलं. शांतिलालभाऊ दरवर्षी बोलावतात. यंदाही फोन केला. "अहो, तुमच्याशिवाय माझा लगाम कोण धरणार?" म्हणाले. ते सरळ माणूस, एका शब्दाचे, त्यांच्या मनात काही नव्हतं. मी म्हणालो, तब्येत बरी नाही. आबांचे सणासुदीला मेसेज येतात, दिव्यांचे, तिळगुळाचे. मी बघतो, उत्तर देत नाही. ते नाणं त्यांनी अजून कुणाला दाखवलेलं नसावं, दाखवलं असतं तर शांतिलालभाऊ बोलले असते. म्हणजे मिळवून मिळवलं काय, तर दार लावून बघायचा एक तांब्याचा तुकडा.

लिलाव मी सोडले नाहीत. एकटाच लावतो बोली. पण प्रत्येक वेळी पडदा लाल झाला की वाटतं, हे आबाच. हैदराबादचा डॉक्टर नाही, सुरतेचा हिरेवाला नाही, आबाच. आणि हद्द जवळ आली की कानात त्यांचा आवाज येतो, "बस." सगळ्यात चीड येते ती याची, की मी अजूनही थांबतो. हात आपोआप खाली येतो. मग रात्री बसून विचार करतो, आज कुणाच्या फायद्यासाठी थांबलो?

हे नाण्यांपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण ती सवय घरभर पसरली. डॉक्टर म्हणाला, मीठ बंद करा. मला वाटलं, याचं यात काय आहे? शेजारचा दुकानदार म्हणाला, संध्याकाळी लवकर बंद करत जा भाऊ, वय झालं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्यापेक्षा उशिरा बंद केलं. कुणी माझ्या भल्याचं बोललं की मी त्याचा दुसरा हात शोधतो.

परवा सुमननं शेवभाजी केली होती. झणझणीत, वर लाल तर्री, मला आवडते तशी. मी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तर तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "बस आता. पित्त होतं तुम्हाला."

हात धुवायच्या निमित्तानं उठलो, ओट्याशी गेलो आणि तिची पाठ वळल्यावर झाकण उचलून बघितलं. मला बघायचं होतं, तिनं स्वतःसाठी किती ठेवलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी पातेल्यात डोकावून माझ्या बायकोचा हिशोब तपासत होतो. तळाला जेमतेम एक पळी भाजी होती.

"अहो, हवीय का अजून? मग सांगायचं ना, चोरून काय बघता?" ती मागेच उभी होती, हसत होती. माझ्या हातातलं झाकण घेऊन तिनं बाजूला ठेवलं, पातेलं तिरपं केलं आणि ती सगळी भाजी माझ्या वाटीत वाढली. तिचं जेवण अजून व्हायचं होतं.